गवत शार्प, चेहरा धूसर

खो-खोच्या सामन्यातला एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मागे बसलेल्या गुणलेखकाच्या शर्टावरच्या चौकटी मोजता येतात, मैदानाच्या कडेचं गवत काडी-काडी दिसतं. खांबावर सूर मारणारी मुलगी, जिच्यासाठी कॅमेरा उचलला होता, ती मात्र पाण्याखालून पाहावी तशी दिसते. शालेय स्पर्धांचा हंगाम संपला की असे फोटो घरोघरच्या फोनमध्ये आणि कार्डांत पडून राहतात. पालक म्हणतात, कॅमेराच हलक्या प्रतीचा आहे. कुणी सुचवतं, मोठी लेन्स घ्या. पण त्याच लेन्सनं गवताची काडी न् काडी टिपली आहे. लेन्स चोख आहे. ती चुकीच्या जागी पाहत होती, एवढंच. आणि ही गोष्ट तो बिघडलेला फोटोच सांगतो आहे.

म्हणून पहिली विनंती अशी की धूसर फोटो लगेच पुसू नका. संगणकावर पूर्ण मोठा करून बघा आणि त्यात कुठे काही शार्प आहे का ते शोधा. मागचं किंवा पुढचं काही स्वच्छ दिसत असेल, तर फोकस चुकला. मैदान स्वच्छ, मुलीचे बूट किंवा हात वाहिलेले आणि धड त्यातल्या त्यात बरं, असं असेल तर शटर, म्हणजे उजेड आत घेण्यासाठी कॅमेऱ्याची झडप उघडी राहते तो वेळ, संथ होतं. आणि सगळंच, अगदी खांबसुद्धा, एकाच दिशेनं ओढल्यासारखं दिसत असेल, तर हात हलला. तीन दोष, तीन वेगळे उपाय. फोकस चुकलेला असताना शटर वाढवून काही होत नाही, आणि शटर संथ असताना महागडी फोकस-यंत्रणाही कामाची नाही. शालेय खेळांचे जे फोटो बिघडतात, त्यांत हात हलल्यामुळे बिघडणारे सगळ्यांत कमी असतात, असं माझं मत आहे. तरी लोक आधी ट्रायपॉड विकत आणतात. खो-खोच्या किंवा कबड्डीच्या मैदानालगत ट्रायपॉड कधीच लावू नये. धावतं मूल त्याच्या पायात अडकलं तर हात मोडेल.

शटरचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे, कारण मग आकडे पाठ करावे लागत नाहीत. बारा वर्षांची मुलगी १०० मीटर साधारण १६ सेकंदांत पळते असं धरू. म्हणजे सेकंदाला सहा मीटरपेक्षा थोडं जास्त. ती तुमच्या समोरून आडवी गेली आणि शटर १/२५० सेकंद असेल, तर तेवढ्या वेळात ती सुमारे २.५ सेंटिमीटर सरकते. डोळ्याची रुंदी जेमतेम तीन सेंटिमीटर. म्हणजे अख्खा डोळा स्वतःच्याच रुंदीइतका पुसला जाणार. १/५०० ला ही सरक १.२ सेंटिमीटर, १/१००० ला ६ मिलिमीटर, १/२००० ला ३ मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १४० सेंटिमीटर उंचीची मुलगी चौकटीचा पाऊण भाग व्यापत असेल, तर एका सेंटिमीटरला वीसेक पिक्सेल मिळतात. १/१००० ला चेहरा बारा-तेरा पिक्सेल वाहतो. पूर्ण मोठा केल्यावर ते कळतं, छापल्यावर सहसा कळत नाही. तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत नेला तर चेहऱ्याची सरक आणखी कमी होते.

पाय मात्र धडाच्या वेगानं चालत नाहीत. टेकलेलं पाऊल क्षणभर जमिनीवर स्थिर असतं, आणि हवेतून पुढे येणारं पाऊल धडाच्या दुपटीच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त वेगानं येतं. म्हणूनच १/१००० ला चेहरा आणि टेकलेला पाय स्वच्छ, पण दुसरा पाय किंचित ओढलेला, असा फोटो मिळतो. हा दोष नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतून धावायला येणाऱ्या मुली कधी अनवाणीही पळतात. त्यांच्या पावलाची ती धूसर रेघ मला फोटोत हवीच असते. कविता राऊत याच डोंगराळ पट्ट्यातून आली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन गेली. तिथल्या मुलींच्या धावण्यात पावलाला फार मोल आहे.

थोडक्यात, धावण्यासाठी, खो-खोसाठी आणि कबड्डीसाठी १/१००० पासून सुरुवात करा. उजेड भरपूर असेल तर १/१६०० करा. क्रिकेटला १/२०००. चौदा वर्षांच्या मुलाचा चेंडू ताशी ९० किलोमीटरनं आला तर सेकंदाला २५ मीटर जातो. १/१००० मध्ये तो अडीच सेंटिमीटर सरकतो आणि चेंडूचा लांबट आवळा होतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी १/६४० पुरतं. मूल थेट तुमच्याकडे पळत येत असेल तर १/५०० सुद्धा चालतं, कारण ते आडवं सरकत नाही, फक्त आकारानं वाढत असतं. अर्थात तेव्हा शटरचा प्रश्न सुटतो आणि फोकसची परीक्षा सुरू होते.

हे शटर कॅमेऱ्यात बसवायचं कसं? सर्वांत बिनधोक मांडणी अशी: डायल एम वर (सगळं आपण ठरवायचा मोड), शटर १/१०००, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, लेन्स देईल तितकं उघडं (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं), आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ऑटो, वरची मर्यादा ६४००. ए किंवा एव्ही मोडवर, जिथे अ‍ॅपर्चर आपण आणि शटर कॅमेरा ठरवतो, बरेच जण विसंबतात. त्यात ढग आला की कॅमेरा गुपचूप शटर १/१००० वरून १/२५० वर आणतो, आणि घरी येईपर्यंत ते लक्षात येत नाही. एम आणि ऑटो आयएसओ ही जोडी असेल तर ढग आल्यावर आयएसओ वाढतो, फोटोत थोडे दाणे येतात, पण चेहरा जागेवर राहतो. दाणे नंतर सॉफ्टवेअरनं कमी करता येतात. वाहिलेला डोळा कुठल्याही सॉफ्टवेअरनं खरा परत येत नाही. जे येतं ते कुणातरी दुसऱ्याच मुलीचा डोळा असतो.

उजेडाचा अंदाज यावा म्हणून: नाशिकच्या स्वच्छ उन्हात एफ/५.६ आणि आयएसओ २०० ला १/१६०० च्या आसपास मिळतं. म्हणजे कॅमेऱ्याच्या किटबरोबर येणारी ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स दिवसा अजिबात अपुरी नाही. पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या तालुका आणि जिल्हास्तरीय सामन्यांत, आभाळ भरून आलं की उजेड आठ ते सोळा पटींनी घटतो. मग त्याच १/१००० साठी आयएसओ १००० ते २००० लागतो. लागू द्या. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि साडेपाचनंतर दर पाच-दहा मिनिटांनी उजेड कमी होत जातो. अंतिम सामना नेमका तेव्हाच असतो. त्या वेळी १/६४० पर्यंत खाली या, पण क्षण निवडून.

क्षण निवडून म्हणजे असं की खेळाडूचा वेग सतत सारखा नसतो. कबड्डीतला चढाईपटू स्पर्श करून मागे फिरतो, त्या वळणावर क्षणभर त्याचा वेग शून्यावर येतो. उडी मारलेलं मूल उडीच्या माथ्यावर ना वर जात असतं ना खाली येत असतं. खो-खोत हूल देणारी धावपटू दिशा बदलताना थबकते. अंधारलेल्या मैदानावर याच जागा धरायच्या. आणि या जागांवर चेहऱ्यावरचा भावही सर्वांत ताणलेला असतो, हे त्या खेळांचं मोठेपण.

आता फोकस, कारण खरी गडबड इथेच होते.

क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटर, एफ/५.६, आणि मूल पंधरा मीटरवर असेल, तर शार्प दिसणारी जागा पुढून मागे साधारण सव्वा मीटर असते. एफ/२.८ ची महागडी लेन्स लावली तर तीच जागा जेमतेम साठ-पासष्ट सेंटिमीटर. सेकंदाला सहा मीटरनं पळणारं मूल ती जागा एक दशांश सेकंदात ओलांडतं. तुम्ही बटण अर्धं दाबून फोकस धरलात, मग ‘आता’ म्हणून पूर्ण दाबलंत, तोवर मूल त्या जागेतून निघून गेलेलं असतं. म्हणून एका ठिकाणी अडकणारा फोकस, म्हणजे निकॉन-सोनीवरचा एएफ-एस किंवा कॅननवरचा वन शॉट, खेळासाठी बंद. एएफ-सी लावा, कॅननवर त्याला एआय सर्व्हो किंवा नुसतं सर्व्हो म्हणतात. यात कॅमेरा दर क्षणी अंतर नव्यानं मोजत राहतो. त्याला चाल समजायला थोडा वेळ लागतो, म्हणून क्लिकच्या अर्धा-एक सेकंद आधीपासून मुलावर फोकस चालू ठेवायला हवा.

फोकसचे सगळे बिंदू कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडले तर तो सहसा जवळचं आणि ठळक काहीतरी पकडतो. खो-खोत हे जवळचं म्हणजे मध्यपाटीवर बसलेल्या आठ जणींचे गुडघे. त्या आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात, आणि धावणारी त्यांच्यामधून नागमोडी साखळी खेळत येते. दर दुसऱ्या क्षणी कॅमेरा आणि तिच्यामध्ये कुणीतरी बसलेली असते. इथे एक बिंदू किंवा चार-पाच बिंदूंचा लहान गट निवडा, तो धावणाऱ्या मुलीच्या छातीवर, जर्सीच्या नंबरवर ठेवा. चेहऱ्यापेक्षा नंबरवर फोकस लवकर बसतो, कारण तिथे काळ्या-पांढऱ्याच्या कडा असतात, आणि छाती व चेहरा जवळपास सारख्याच अंतरावर असतात. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतली डोळा ओळखणारी सोय उघड्या मैदानावर उत्तम चालते, पण दाटीत ती बसलेल्या मुलीच्या डोळ्यावरही तितक्याच निष्ठेनं जाऊन बसते. तेव्हा सुरुवातीचा बिंदू आपणच द्यावा.

त्यात आणखी एक सेटिंग आहे, जे फार थोडे लोक उघडून बघतात. मध्ये कुणी आडवं आलं तर कॅमेऱ्यानं लगेच त्याच्यावर जावं की थांबून वाट पाहावी, हे ठरवता येतं. कॅननमध्ये ते ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी नावानं असतं, खो-खोसाठी उणे एक किंवा उणे दोन करा. निकॉनमध्ये लॉक-ऑनचा आकडा वाढवून ४ किंवा ५ करा. सोनीत उलट, आकडा कमी करून १ किंवा २. कबड्डीत पकड करताना सहा हात एकमेकांवर येतात, तिथेही हेच. पण टेबल टेनिस किंवा बॅडमिंटनला याची गरज नाही, तिथे मध्ये येतं ते फक्त जाळं.

बॅक-बटण फोकस हा अंगठ्याचा अभ्यास आहे. शटर बटणावरून फोकसचं काम काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर द्यायचं. निकॉनच्या लहान कॅमेऱ्यांत ते बटण नसतं, तिथे एई-एल/एएफ-एल बटणाला मेनूतून हे काम देता येतं. कॅननच्या लहान कॅमेऱ्यांत तारकेच्या बटणाला. अंगठा दाबून ठेवला की फोकस पाठलाग करतो, सोडला की जिथल्या तिथे थांबतो. पहिल्या दिवशी चार-दोन फोटो हमखास हुकतात, कारण अंगठा विसरतो. घरासमोरच्या रस्त्यावर सायकली चालवणाऱ्या मुलांवर तासभर सराव केला की हात बसतो.

खांबावरच्या सुराला याचा खरा उपयोग. खांब सव्वा मीटरच्या आसपास उंच, आणि सूर त्याच्या लगतच पडणार हे ठरलेलं. मैदान २७ बाय १६ मीटरचं असतं. त्याच्या टोकाला, खांबामागे चार-पाच मीटरवर, मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर आणि थोडं एका बाजूला बसा. अगदी मधोमध बसलात तर बसलेल्यांची रांग धावणारीला झाकून टाकते. अंगठ्यानं खांबावर फोकस घ्या, अंगठा सोडा, आणि वाट बघा. सहा मीटरवर, १०० मिलिमीटर आणि एफ/५.६ ला शार्प जागा सुमारे ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे खांबाच्या पुढेमागे हातभर. ऊन असेल तर एफ/८ करा, जागा वाढते. सूर मारताना शरीर लांब होतं आणि हात चौकटीबाहेर जातो, म्हणून झूम थोडा मोकळा ठेवा. नंतर कापता येतं, तुटलेली बोटं जोडता येत नाहीत.

बसा, हा शब्द मुद्दाम वापरला. उभ्यानं काढलेल्या फोटोत मुलाच्या डोक्याचा वरचा भाग आणि मागे जमीन येते. गुडघ्यावर बसून कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीला आणला की मागे आभाळ किंवा दूरची झाडं येतात, पार्श्वभूमी मवाळ होते आणि फोकसलाही चुकायला जवळ गवत उरत नाही. कबड्डीत बचाव करणाऱ्या संघाच्या मागच्या रेषेपलीकडे बसा. चढाईपटूचं तोंड तिकडेच असतं. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा कोणत्या मुलाचा फोटो हवा हे पाहून आपणही उठायचं. मातीच्या मैदानावर धूळ उडते, तिथे लेन्स बदलू नका. एक झूम लावून दिवस काढा.

नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावरचं, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवरचं किंवा महात्मानगरचं मुलांचं क्रिकेट याहून सोपं, कारण फलंदाज क्रीजवर उभा असतो आणि फोकस आधीच घेऊन ठेवता येतो. अडचण वेगळी असते. पांढरे कपडे चौकट भरून असले की कॅमेरा सगळं गडद करतो आणि टोपीच्या सावलीतला चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अधिक ०.७ करा. त्याहून चांगलं म्हणजे सकाळी साडेनऊच्या आत जा, सूर्य खाली असतो आणि टोपीखाली उजेड शिरतो. एप्रिल-मेच्या उन्हाळी शिबिरांत दुपारी बारा वाजता सीमारेषेबाहेरून ३०० मिलिमीटरनं खेळपट्टी टिपली की चेहरे लाटांसारखे हलतात. सगळी सेटिंग्ज बरोबर असतानाही. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, आणि त्यावर कॅमेऱ्यात कुठलंच बटण नाही. जवळ जाणं किंवा सकाळी येणं, दोनच उपाय. लेन्सपुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर तोही काढून बघा, अनेकदा मऊपणा त्याचाच असतो.

हिवाळ्याच्या धुक्यात फोकस पुढेमागे भटकतो, तेव्हाही नंबरच्या कडा शोधाव्यात.

बंदिस्त सभागृह, मग ते हिरावाडीचं क्रीडा संकुल असो की शाळेचा हॉल, डोळ्यांना लख्ख वाटतं आणि कॅमेऱ्याला अंधारं. एफ/२.८ ला १/१००० हवं असेल तर आयएसओ ३२०० ते ६४०० लागतो. किट लेन्सच्या एफ/५.६ ला तोच आकडा १२,८०० ते २५,६०० होतो. इथे झूमचा मोह सोडून ५० किंवा ८५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स लावा. ५० ची किंमत मोठ्या झूमच्या मानानं फारच थोडी असते. आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसेल: एकामागून एक काढलेल्या फोटोंत एक उजळ, पुढचा काळपट, तिसरा पिवळसर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात आणि १/१००० चं शटर त्यातला एक तुकडाच पकडतं. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. कॅमेरा तेज क्षणाची वाट पाहून क्लिक करतो. निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर इथे बंद ठेवा, नाहीतर एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात आणि वेगानं फिरलेली रॅकेट वाकडी दिसते. फ्लॅश वापरू नका. शटलकडे लागलेल्या डोळ्यांवर तो चमकला तर मुलाचा गुण जातो, आणि तो गुण कुठल्याही फोटोपेक्षा त्याचा आहे.

लेन्सवरचं स्थिरीकरण, आयएस किंवा व्हीआर, फक्त आपला हात सावरतं. मुलाचा पाय नाही. मुलाबरोबर कॅमेरा फिरवत असाल आणि लेन्सवर मोड २ असेल तर तो ठेवा. १/१००० च्या वर ते बंद केलं तरी फरक पडत नाही.

सलग क्लिकांबद्दल एवढंच, की बोट दाबून ठेवू नका. तीन-चार फोटोंचे छोटे झुबके घ्या. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मोठी, न दाबलेली फाइल) आणि संथ कार्ड असेल तर लहान कॅमेऱ्याचं बफर, म्हणजे फोटोंची तात्पुरती साठवण, दोन-चार सेकंदांत भरतं, आणि नेमका खांबावरचा सूर येतो तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहीत बसतो. जेपीईजी पुरत असेल तर जेपीईजी वापरा.

ज्यांच्याकडे फोनच आहे, त्यांनी आधी लेन्स सुती कापडानं पुसावी, खिशातल्या तेलकट थरानं अर्धा मऊपणा येतो. उन्हात फोन आपोआप वेगवान शटर घेतो. सावलीत मात्र प्रो मोडमध्ये जाऊन १/१००० स्वतः लावा आणि नाइट मोड बंद करा, तो अनेक फोटो एकत्र करतो आणि पळणाऱ्या मुलाची भुतं होतात. बोटांनी चिमटून झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढे जा.

शेवटी फोटो देण्याची गोष्ट. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, आणि इतक्या कष्टानं आणलेली धार जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो उघड्या समाजमाध्यमांवर पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका, आणि नाव, शाळा, चेहरा एकत्र तर नाहीच. त्यापेक्षा छापून द्या. ८ बाय १२ इंचाला ३०० डीपीआयनं २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा फोटो बराच कापूनही पुरतो. मागच्या बाजूला मुलीचं नाव, खेळ आणि तारीख लिहा. बॉलपेननं लिहू नका, अक्षरं पुढून उमटतात. बारीक मार्कर घ्या, आणि शाई वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवू नका.